ताईच्या अंगातली मी

फोन आला तेव्हा गाडी चढावर बंद पडली होती आणि मागून भोंगे सुरू झाले होते. शिकणारा गृहस्थ साठी उलटलेला, घड्याळं दुरुस्त करणारा. आयुष्यभर बायको गाडी चालवायची आणि हा शेजारी बसायचा. आता तिची नजर गेली म्हणून या वयात स्टिअरिंग हातात घ्यायला निघाला होता. किल्ली फिरवून फिरवून त्याच्या टकलावर घाम साचला होता. ‘‘काका, घाई नाही. भोंगे त्यांचे, गाडी आपली,’’ शेजारी बसून शिकवणारी ती म्हणाली. हे वाक्य ती रोज कुणाला ना कुणाला म्हणायची. मांडीवरचा फोन थरथरला. भाचीचा होता. शिकवताना ती कधीच फोन घेत नसे, आज घेतला. ‘‘मावशी, जुळलं,’’ भाची म्हणाली. ‘‘तुझं आणि आईचं. पूर्ण जुळलं म्हणाल्या डॉक्टर. सख्ख्या भावंडांतही चारात एखाद्याचंच जुळतं म्हणे.’’ ती म्हणाली, ‘‘बरं.’’ तेवढं पुरणार नाही असं वाटून म्हणाली, ‘‘बरं झालं.’’ आणि तेवढ्यात गाडी घरंगळत मागे गेली आणि मागच्या व्हॅनच्या तोंडाला जाऊन टेकली. धक्का म्हणावा इतकाही नव्हता तो. तिच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी बसवलेला, आणि इतक्या वर्षांत त्याच्यावरचा तिचा पाय असा कधी सुटला नव्हता. व्हॅनवाला उतरला, वाकून पाहिलं, ओरखडा सापडला नाही म्हणून थोडा नाराज होऊन परत चढला. ‘‘माझंच चुकलं, मॅडम,’’ घड्याळजी म्हणाला. ‘‘तुमचं नाही, काका,’’ ती म्हणाली, आणि आपला आवाज कुठून तरी लांबून येतोय असं तिला वाटलं.

गाडी गॅरेजमध्ये लावल्यावर ती तिथेच बसून राहिली. इंजिन गार होताना टिकटिकतं, ते ऐकत. जुळणार नाही अशी तिची पक्की खात्री होती. हे तिला आत्ता, जुळल्यावर कळत होतं. रक्त तपासायला देताना ती किती मोकळी होती. बाही वर केली, मूठ वळली, वर त्या तंत्रज्ञाशी दोन विनोदही केले. कारण कधी काय जुळलं होतं त्या दोघींचं? ताई उंच, ही बुटकी. ताईचं अक्षर मोत्यासारखं, हिचं कोंबडीच्या पायासारखं. ताई शाळेत पहिली, आणि मागच्या बाकावरच्या हिच्याकडे बघून मास्तरीणबाई म्हणायच्या, ‘‘त्याच घरातली ना तू?’’ आई आजारी पडली तेव्हा ताई पंधराची होती आणि ही सात वर्षांची. तेव्हापासून ताईच घर. वेणी ताई घालायची, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. शेंडेफळ म्हणून लाडाने ‘शेंडी’ हे नाव तिनेच पाडलं, आणि चारचौघांत ‘‘ही आमची शेंडी, कुणालाही लावता येते,’’ असंही तीच म्हणायची. अंगावरचं सगळं ताईचं उतरलेलं. झगे, बूट, दप्तर, पट्टी, पट्टीवर कोरलेलं ताईचं नाव. झग्याच्या काखेत ताईच्या घामाचा वास धुऊनही राहायचा, आणि खेळून आल्यावर तिच्या स्वतःच्या घामात तो मिसळून जायचा. मग कुठला कुणाचा ते कळायचं नाही.  जुळलं. म्हणजे हाडांच्या आतल्या त्या कुठल्याशा लिपीत त्या दोघींचं अक्षर पहिल्यापासून एकच होतं आणि कुणाला पत्ताच नव्हता.

गेली सहा-सात वर्षं बोलणं म्हणजे कशी आहेस, बरी आहे, एवढंच. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भांडण असं झालंच नाही. तिने नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा कारण काय, असं सगळ्यांनी विचारलं आणि तिच्याकडे सांगण्याजोगं कारण नव्हतं. मारत नव्हता, पीत नव्हता, बाहेर काही नव्हतं. त्या घरात तिला श्वास पुरत नसे. जेवणाच्या टेबलावर तो सावकाश, एकेक घास मोजून चघळायचा आणि ती समोर बसून आपला श्वास सांभाळायची. डॉक्टरांनी छाती तपासली, छाती ठणठणीत. हे कुणाला कसं सांगायचं? ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘तुझ्यात चिकाटीच नाही. लहानपणापासून नाही.’’ तेही चाललं असतं. पण मग ताई त्याला जेवायला बोलवत राहिली. सुटीच्या दिवशी, भाचीच्या वाढदिवसाला. भाचीच्या तोंडून सहज निघून गेलं, तेव्हा तिने ताईला फोन केला. ताई शांतपणे म्हणाली, ‘‘तो तुझा कुणी नसेल आता. आमचा आहे.’’ त्या वाक्याला ती आजतागायत उत्तर शोधत होती. सिग्नलला थांबली की शोधायची, भांडी घासताना शोधायची. उत्तरं खूप सापडायची, एकाहून एक धारदार. ती सगळी तिच्या आत जाऊन बसली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि बोलताना समोरच्या कागदावर गोल काढायची. हाडं आपल्याला दगडासारखी वाटतात, ती म्हणाली, पण आत मगज असतो आणि त्या मगजात मूळपेशी. या पेशी अजून कुणी झालेल्या नसतात. त्यांच्यापासून पुढे तांबड्या पेशी होतात, पांढऱ्या होतात, रक्त गोठवणाऱ्या होतात, गरज असेल तशा. आणि दरवेळी मागे एक आपल्यासारखीच ठेवून जातात, म्हणून साठा संपत नाही. ‘‘मुळात येतात कुठून?’’ तिने विचारलं. आपण हे का विचारतोय ते तिला कळेना. डॉक्टरीणबाईला मात्र प्रश्न आवडला. ‘‘आईच्या पोटात. अगदी सुरुवातीला, गर्भाच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत. तिथून त्या यकृतात जातात, काही महिने तिथे राहतात. हाडं तयार झाली की हाडांत. मग जन्मभर तिथेच.’’ भाडेकरूंसारख्या, तिच्या मनात आलं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बिऱ्हाड हलवत आलेल्या. आणि त्याही आधी त्या दोघी एकाच खोलीत राहून गेलेल्या, आठ वर्षांच्या अंतराने. तिथेही ताईने वापरून ठेवलेलीच जागा तिच्या वाट्याला आली होती. तिला हसू आलं. ताईच्या नवऱ्याने, भावोजींनी, चमकून तिच्याकडे पाहिलं. ताईच्या मगजात रोग होता, तिथे कच्च्या, नालायक पेशींचं रान माजलं होतं. ते सगळं जालीम औषधांनी जाळून टाकायचं, रिकामं करायचं, आणि मग हिच्या पेशी ताईच्या शिरेतून आत सोडायच्या. ‘‘पण हाडापर्यंत पोचायचं कसं त्यांनी?’’ भावोजींनी विचारलं. ते पाणीपुरवठ्यात होते. पाइप कुठून कुठे जातो हे माहीत नसलं की त्यांना चैन पडत नसे. ‘‘पोचतात,’’ डॉक्टरीणबाई म्हणाली. ‘‘रस्ता त्यांना ठाऊक असतो.’’

बाहेर जाताना तिला एकटीलाच थांबवून डॉक्टरीणबाईने दार लावून घेतलं. ‘‘एक स्पष्ट सांगते. तुमची इच्छा नसेल तर आत्ता नाही म्हणा. मी घरच्यांना फक्त ‘वैद्यकीय कारण’ म्हणून सांगेन, कुणी काही विचारणार नाही. पण एकदा त्यांची औषधं सुरू झाली, त्यांचा मगज गेला, की मग तुम्हाला मागे फिरता येणार नाही. तुम्ही फिरलात तर त्या जगणार नाहीत.’’ ती उभी होती. खिडकीच्या खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी आडवी लावत होता आणि त्याला ती जमत नव्हती. आधी थोडी पुढे घे, मग चाक पूर्ण वळव, ती मनात म्हणत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ताईचं सगळं तिच्या हातात होतं, आणि ते तिला आवडलं होतं. एक क्षणभरच, पण आवडलं होतं. जिभेवर काहीतरी गोड ठेवल्यासारखं. ‘‘देणार आहे मी,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात विचारायचं काय?’’

सुया टोचायला लागल्यावर हाडं ठणकायला लागली. त्या औषधाने पेशी हाडातून रक्तात उतरतात, त्या उतरताना दुखतं. कमरेत, मांडीत, छातीच्या मधल्या हाडात, आतून कुणीतरी सामान हलवत असल्यासारखं. शिकवताना खड्डा आला की ती ओठ चावायची. मग एक दिवस दोन्ही हातांत सुया घालून तिला खुर्चीत निजवलं. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात, आणि दुसऱ्या हातातून परत आत. यंत्रात काहीतरी गरगर फिरत होतं आणि हवं तेवढंच बाजूला काढून घेत होतं. ओठांना मुंग्या आल्या. नर्स म्हणाली, येतात, आणि चघळायला गोळी दिली. संध्याकाळपर्यंत पिशवी भरली. टोमॅटोच्या सुपासारखं पातळसर, तांबूस, ओंजळभर. ती पिशवी घेऊन नर्स ताईच्या खोलीत गेली आणि तोंडाला मास्क बांधून, अंगात निळा झगा घालून तीही मागोमाग गेली. ताई टक्कल पडलेली, ओठांना भेगा पडलेली, पलंगात एवढीशी. ताई कवळ्या करायची. दातांच्या प्रयोगशाळेत मेणात एकेक दात बसवून, लोकांच्या तोंडाला शोभेल असं हसू बसवून द्यायची. घरात सगळीकडे प्लास्टरचे जबडे असायचे. आता तिच्या स्वतःच्या तोंडात फोडांमुळे बोट घालवत नव्हतं. तिने पिशवीकडे पाहिलं. ‘‘एवढंसंच?’’ म्हणाली. मग नळीतून पहिले थेंब खाली यायला लागले तेव्हा डोळे मिटून म्हणाली, ‘‘शेंडे, तुझं उतरलेलं घालायची वेळ आली माझ्यावर.’’ दोघी हसल्या. हसताना ताईला दुखलं. भाची काचेपलीकडून बघत होती, तिला वाटलं आई रडतेय, आणि तीही रडायला लागली.

पेशींना रस्ता खरंच ठाऊक होता. पंधरवड्यानंतर ताईच्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या, आधी चुकार, मग रोज जास्त. डॉक्टरीणबाई हसतच खोलीत आली. ‘‘रुजल्या,’’ म्हणाली. पुढे ताईचा रक्तगटसुद्धा बदलत गेला आणि हिचा झाला. ताई घरी आली. भावोजींनी सगळं घर पुसून काढलं होतं, कुंड्या बाहेर काढल्या होत्या, जबडे खोक्यात भरून माळ्यावर टाकले होते. ती रोज काम आटोपून ताईकडे जायला लागली. हे कुणी ठरवलं नव्हतं. ताईला सूप द्यायचं, तिची उशी सारखी करायची, आणि बसायचं. ताईच्या गालांवर रंग येत होता आणि तो रंग आपला आहे हे तिला दिसत होतं. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. भाची म्हणायची, ‘‘आई आता मावशीसारखी चिडायला लागलीये, गुणच लागला.’’ ताई म्हणायची, ‘‘गाडी चालवायला आली तर खरं.’’ हे दिवस पुढे तिला आठवायचे ते उजेडासकट. दुपारची तिरीप ताईच्या टकलावर, तिथे उगवलेली बारीक मऊ लव, आणि स्वयंपाकघरात भावोजींनी लावलेली भांडी. अशाच एका दुपारी ताई एकदम म्हणाली, ‘‘तू त्याला सोडलंस याचा मला राग नव्हता.’’

‘‘मग?’’

‘‘तुला सोडता आलं, याचा होता.’’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात. ताई तिकडे न बघता म्हणाली, ‘‘म्हणून त्याला बोलवायचे. तो बसलेला असला की वाटायचं, बघा, राहता येतं माणसाला. काही होत नाही.’’  इतक्या वर्षांची साठवलेली उत्तरं तिने आत चाचपून पाहिली आणि त्यांतलं एकही याला बसणारं नव्हतं. तिने ताईच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. तेवढंच.

तळहात आधी लाल झाले. ताईला वेळ जावा म्हणून प्रयोगशाळेतून कुणीतरी थोडं मेण पाठवलं होतं. त्यात दात बसवताना तळहात खाजायला लागले आणि ताईला वाटलं मेणाचं असेल. मग तळपाय. मग छातीवर पुरळ, उन्हाने भाजल्यासारखं. मग पोट बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं. परत तीच खोली, तेच निळे झगे. डॉक्टरीणबाईने कागद पुढे ओढला, पण या वेळी गोल काढले नाहीत. म्हणाली, ‘‘तुमच्या पेशी आपलं काम करतायत. परकं दिसलं की त्याच्यावर तुटून पडायचं, हेच त्यांचं काम. फक्त आपण कुठे आलोय ते त्यांना उमगत नाहीये. त्यांना हे शरीरच परकं वाटतंय.’’

‘‘पण जुळलं होतं ना?’’ ती म्हणाली. ‘‘पूर्ण जुळलं होतं.’’

‘‘जेवढं तपासता येतं, तेवढं जुळलं होतं.’’ डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. ‘‘आणि थोडं हे हवंही असतं. रोगाच्या उरल्यासुरल्या पेशी याच मारतात. म्हणून अगदीच गप्प बसवताही येत नाही त्यांना. माफक हवं.’’

माफक. हा शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसला. गॅरेजकडे जाताना, शिकणाऱ्याला चाक फिरवायला सांगताना, तोच शब्द. माफक तुटून पडायचं. ताईवर इतकंच चिडायचं की तिच्यातलं वाईट तेवढं जळावं आणि ताई राहावी. हे कुणाला जमतं? तिला तर कधी जमलं नव्हतं. पेशींना राग नसतो, त्यांना मनच नसतं, हे तिला कळत होतं. ती अडाणी नव्हती. पण रात्रंदिवस जे आत घोळवलं, सिग्नलला, भांडी घासताना, ते गेलं कुठे असेल? हाडांत काय काय मुरत असेल? लोक म्हणतात ना, हाडाचा शिक्षक, हाडवैर, एखादी गोष्ट हाडीमाशी खिळली. उगाच म्हणतात? आंघोळ करताना ती स्वतःचं अंग बघायची. साधं, चाळिशीतलं, कातडी घट्ट, कुठे डाग नाही. ओंजळभर दिलं होतं ते केव्हाच भरून आलं होतं, शरीराने हिशोबसुद्धा ठेवला नव्हता. तिला सडकून भूक लागायची. हॉस्पिटलच्या उपाहारगृहात ती दोन माणसांचं जेवायची आणि वरच्या मजल्यावर ताईला सलाइनमधून अन्न चालू असायचं. मग हात धुताना आरशातल्या त्या तकतकीत तोंडाची तिला शिसारी यायची. वर ताईला जी औषधं देत होते ती हिच्या पेशींना मारायची औषधं होती. आणि ही खालच्या मजल्यावर बसून मनापासून म्हणत होती, मरा. सगळ्या मरा. एकही राहू नका. स्वतःला इतके शाप तिने तिच्या वाईटातल्या वाईट दिवसांतही दिले नव्हते.

तिला कुणी काही म्हणत नव्हतं, हे सगळ्यांत वाईट होतं. भाची तिला बिलगून बसायची. एकदा म्हणाली, ‘‘मावशी, तुझ्यातूनच दुसऱ्या काही पेशी काढता नाही येणार का, यांना आवरायला? सज्जन अशा?’’ आणि मग स्वतःच ओशाळली. भावोजी तिच्याशी पूर्वीपेक्षा जास्त नम्रपणे वागत. खुर्ची देत, चहा आणत. एकदा बाहेरच्या बाकावर दोघंच होते. भिंतीवरच्या नळीकडे बघत ते म्हणाले, ‘‘एक विचारू? तुझ्या मनात कधी… तिच्याबद्दल…’’ आणि थांबले.

‘‘विचारा ना.’’

‘‘काही नाही. जाऊ दे. चहा घेतेस?’’

‘‘होतं, भावोजी,’’ ती म्हणाली. ‘‘खूप होतं.’’

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, ‘‘माझ्याही होतं,’’ आणि चहा आणायला गेले. ते परत आले ते चहाशिवायच, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ताईचे डोळे पिवळे झाले. औषधांनी चेहरा सुजून गोल झाला, आईच्या शेवटच्या दिवसांतल्यासारखा. हाताची कातडी सुटायला लागली म्हणून पांढरे सुती मोजे घातले होते. चांगला दिवस असला की ताई बोलायची. ‘‘शेंडे, तुझी माणसं ऐकत नाहीत गं,’’ म्हणाली एकदा.

‘‘माझी कुठली माणसं?’’

‘‘ही आतली.’’

‘‘सांगून बघते त्यांना.’’

‘‘ओरडू नकोस पण. नवीन जागा आहे, घाबरली असतील.’’

हे ऐकून ती बाहेर जाऊन खूप रडली आणि आत येऊन पुन्हा मास्क बांधला. पण ते ताईचं शेवटचं बोलणं असं काही झालं नाही. शेवटचं वेगळं होतं. ड्रेसिंग बदलताना नर्सच्या हातून चिकटलेली पट्टी ओढली गेली आणि ताई गुरासारखी ओरडली. ती पुढे धावली, ताईचं डोकं धरायला. ताईने डोकं झटकलं. डोळे उघडे, पिवळे, अगदी शुद्धीतले. ‘‘मला नको होतं हे,’’ ताई म्हणाली. ‘‘तुझ्याकडून तर नकोच होतं. सगळं माझं मारून टाकलंत आणि हे घातलंत.’’ नर्स म्हणाली, ‘‘ताप आहे हो, तापात बोलतात.’’  ताप होता हे खरं. पण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. वेणी ओढून बांधणारा, चिकाटी नाही म्हणणारा. मऊ बोलणारी ताई तिला अलीकडेच भेटली होती, ही जन्मापासूनची होती. आणि तिला वाटलं, ही खरी. ही अजून आहे. इतकं सगळं जाळलं, इतकं माझं भरलं, तरी ही बोटभरसुद्धा हललेली नाही. त्यात तिला एक विचित्र आधार वाटला.

मग ताई गुंगीतच राहिली. एके दिवशी दुपारी, जेवणाच्या गाड्या वॉर्डातून खडखडत जात असताना, ताईचा श्वास लांबला, आणखी लांबला, आणि पुढचा आला नाही. भावोजी खिडकीशी उभे होते. भाचीने आईचा मोजा घातलेला हात धरला होता.  बाहेर कुणीतरी जेवण नको म्हणून सांगत होतं. डॉक्टरीणबाई आली, तिने तपासलं, भाचीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कागदावर वेळ लिहिली. 

भावोजी बाहेरची कामं करायला गेले. नर्सने नळ्या काढायला घेतल्या. कोमट पाणी आणि फडकी आणून दिली आणि म्हणाली, तुम्हाला पुसायचं असेल तर पुसा. भाचीने पाय पुसले. तिने चेहरा पुसला, सुजलेला, अनोळखी, फक्त भुवया ताईच्या. कपाळ पुसताना तिला झग्याच्या काखेतला तो वास आठवला, आणि तो इथे कुठे नव्हता. इथे मलमाचा आणि औषधांचा वास होता. आतापर्यंत माझ्या किती पेशी असतील इथे, तिच्या मनात आलं. त्यांना अजून कळलं नसेल. काही अजून फिरत असतील, अंधारात, परकं काय ते हुडकत. त्या आता इथेच राहणार, ताईबरोबर जाणार. म्हणजे मी थोडी जाणार. ती हे अगदी कोरडेपणाने, गाडीच्या भागांची उजळणी करावी तशी मनात म्हणत होती. नर्सने ताईच्या छातीवरची मोठी नळी ओढून काढली. त्या जागी रक्त आलं. फार नाही, गडद, सावकाश. नर्सने कापसाचा बोळा दाबून धरला, पट्टी लावली, आणि तो भिजलेला बोळा लाल पिशवीत टाकायला वळली.

‘‘थांबा,’’ भाची म्हणाली. ‘‘तो टाकू नका.’’

‘‘अगं, टाकावा लागतो तो.’’

‘‘एक मिनिट द्या फक्त. माझ्या हातात द्या.’’

नर्सने दाराकडे बघितलं, मग भाचीच्या हातमोजा घातलेल्या तळव्यावर बोळा ठेवला. एवढासा होता, कडेला पांढरा. भाची त्याच्याकडे बघत राहिली. उणीपुरी एकोणीस वर्षांची पोर, इतके महिने तिने रक्ताचे आकडे पाठ म्हणून दाखवले होते, कुणाची पेशी, कुणाचा गट, किती टक्के, सगळं तिला तोंडपाठ. आता ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून पुसून गेलं होतं. ‘‘आईचं रक्त,’’ ती म्हणाली. मग मान वर करून मावशीकडे पाहिलं, घाबरून, कुणीतरी आपली चूक दाखवील या भीतीने. ‘‘आईचंच ना गं, मावशी?’’

तिच्या हातातलं फडकं गार झालं होतं. तिने ते पाण्यात बुडवलं, पिळलं. ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘आईचंच.’’

भाचीने मूठ मिटली. आणि ती परत ताईच्या मानेकडे वळली, कानामागून पुसायला, जिथे पाणी ओघळून साचलं होतं.